उजवीकडची स्क्रीन

१

कॉम्प्युटरला भूत लागलंय, असं सांगत येणारी गिऱ्हाइकं मला नवीन नाहीत. इतकी वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवतेय; भूत बहुतेक वेळा धुळीत असतं, कधी सैल केबलमध्ये, आणि सगळ्यांत जास्त वेळा खुर्चीत बसलेलं असतं. हे मी तोंडावर सांगते. काही हसतात, काही परत येत नाहीत.

सगळ्यांत नेहमीचं दुखणं म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हरचं. मशीन सुरू होताना कंपनीचा लोगो येतो, खाली ठिपके गोल फिरतात आणि मग स्क्रीन काळी ठिक्कर. आत सगळं चालू असतं, फक्त दिसत काही नाही. ड्रायव्हर म्हणजे मशीन आणि स्क्रीन यांच्यातला मध्यस्थ. मशीनला काय दाखवायचंय ते तो स्क्रीनला समजावून सांगतो. अपडेट येतं, जुन्या मध्यस्थाच्या जागी नवा येऊन बसतो आणि दोन्हीकडची बोलणी फिसकटतात. उपाय ठरलेला आहे. मशीन सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी किमान सामानावर सुरू करायचं, नवा ड्रायव्हर काढायचा, जुना बसवायचा. हे काम मी डोळे मिटून करते.

त्या दिवशी दुपारी वहिनीचा फोन आला, तेव्हा मी एका शाळेच्या मशीनमधली धूळ काढत होते. ती म्हणाली, "वन्सं, ह्यांची स्क्रीन काळी झालीय. लोगो येतो आणि जातो. आणि डॉक्टर चारला येणार आहेत." मला वन्सं म्हणायला तिनं लग्नानंतर चिडवण्यासाठी सुरुवात केली होती, मग तेच चिकटलं. त्या दिवशी आवाजात चिडवणं नव्हतं. मी शाळेचं मशीन तसंच उघडं टाकून शटर ओढलं.

२

माझा दादा ड्राफ्ट्समन होता. इमारतींचे नकाशे काढायचा. आता त्याचे फक्त डोळे हलतात. आजारानं आधी बोटं नेली, मग हात, पाय, मान, जीभ. डोकं मात्र पहिल्यासारखंच तल्लख आहे आणि जीभ गेली तरी तिरकस बोलणं गेलेलं नाही. ते त्या मशीनच्या कृपेनं. पलंगावर एका लोखंडी दांडीला स्क्रीन टांगलेली आहे, तिच्या खाली एक पट्टी आहे, आणि ती पट्टी दादाचे डोळे कुठे बघतायत ते ओळखते. स्क्रीनवर अक्षरं असतात. दादा एकेका अक्षराकडे बघतो आणि लिहितो. लिहिलेलं नुसतं वाचायला ठेवायचं की मोठ्यानं बोलायचं, हेही तोच ठरवतो. बोलायला त्यानं एक यंत्राचा पुरुषी आवाज निवडलाय. अपचन झालेला माणूस बातम्या वाचतोय असा तो आवाज आहे, आणि दादाला तो फार आवडतो.

स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटी काळी चौकट असते, तीत दोन पांढरे ठिपके. ते दादाचे डोळे. मी कधी जवळ वाकले की त्या चौकटीत माझेही दोन ठिपके उमटतात, पट्टी गोंधळते, आणि तो आवाज म्हणतो, "खटपटे, बाजूला हो." मला खटपटी हे नाव त्यानंच लहानपणी ठेवलंय.

मशीन बंद असलं तर आमच्यात दोनच शब्द उरतात. वर बघितलं की हो, खाली बघितलं की नाही.

आणि त्या दिवशी चारला डॉक्टरांना उत्तर हवं होतं. दादाचा श्वास कमी पडायला लागला होता. गळ्याला भोक पाडून श्वासाचं मशीन लावायचं, म्हणजे मग ते जन्मभर. किंवा लावायचं नाही, आणि जे होईल ते शांतपणे होऊ द्यायचं. डॉक्टरांनी दोन्ही बाजू नीट समजावल्या होत्या आणि हो का नाही ते डोळ्यांनी सांगा, असं सुचवलं होतं. दादानं तेव्हा लिहिलं, "हे हो-नाहीत मावणार नाही. नीट लिहून सांगीन. मंगळवारी."

आज मंगळवार होता.

३

जिना चढून वर गेले. वहिनी दारातच उभी होती. खोली नेहमीसारखी: खिडकीला लागून पलंग, पायथ्याशी कपाट, डावीकडे कफ ओढायचा पंप, उजवीकडे कोरी भिंत. दादाच्या बोटाला चिमटा लावलेला, त्यावरचा प्राणवायूचा आकडा हळूहळू उतरत होता. मी म्हटलं, "काय रे, मला बघायचं निमित्त काढलंस होय?" त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. तो उजवीकडच्या भिंतीकडे बघत होता.

वहिनी हळूच म्हणाली, की हे असं बरेच दिवस चाललंय. लिहून झालं की नजर तिकडे. ती समोर बसली, बोलली, तरी तिकडेच. ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती, पण तिला ते लागलं होतं. मी तिला समजावलं. दादा नकाशे काढायचा तेव्हा याच मशीनवर कायम दोन स्क्रीन वापरायचा, डावीकडे नकाशा आणि उजवीकडे मापं. पलंग आला, टेबलाला जागा उरली नाही, तेव्हा उजवीकडची स्क्रीन मीच काढून भंगारात दिली होती. आयुष्यभराची मानेची सवय, मान गेली तरी डोळ्यांत राहिली असेल. हे मला पटलं होतं. वहिनीनंही मान डोलावली.

मशीन सुरू केलं. लोगो आला, ठिपके फिरले, एक ओळ चमकून गेली की डिस्प्ले ड्रायव्हर चालत नाहीये, आणि अंधार. म्हणजे अगदी पाठ्यपुस्तकातलं दुखणं. मी सेफ मोडमध्ये गेले. तिथे सगळं येतं, पण ओबडधोबड आणि मोठ्या अक्षरांत, आणि दादाची पट्टी तिथे चालत नाही. म्हणून घाई होती. नवा ड्रायव्हर काढला. जाता जाता सवयीनं डिस्प्लेची सेटिंग उघडली, आणि तिथे दोन चौकोन दिसले. एक आणि दोन.

मशीनला जितक्या स्क्रीन जोडलेल्या असतात तितके चौकोन तिथे दिसतात. मी मागे वाकून बघितलं. केबल एकच होती. मग मला माझंच हसू आलं. असं होतं, जुन्या मॉनिटरची नोंद आत राहून जाते आणि मशीन त्याला धरून बसतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. फक्त आकार विचित्र होता. मॉनिटर आडवे असतात. हा दुसरा चौकोन उभा होता, उंच आणि अरुंद, आणि त्याची मापं मी कुठल्याच कंपनीच्या मॉनिटरची बघितलेली नाहीत. नाव लिहिलं होतं, अनोळखी. मी तो पुसून टाकला आणि मशीन पुन्हा चालू केलं.

पुन्हा लोगो, पुन्हा अंधार. पुन्हा सेफ मोड. चौकोन परत आला होता. आणि आता मुख्य स्क्रीन कुठली, याची खूण त्या दोन नंबरच्या चौकोनावर होती. ती खूण मी हलवायला गेले तर ते बटणच निर्जीव, दाबलं तरी दाबलं जाईना.

वहिनीनं विचारलं काय झालं. मी म्हटलं, जुनी नोंद आहे, चिवट आहे. हे मी गिऱ्हाइकांना ज्या आवाजात सांगते त्याच आवाजात सांगितलं.

४

जुना ड्रायव्हर माझ्याकडे पेनड्राइव्हवर होता. तो बसवला, आणि मशीन नेहमीच्या पद्धतीनं सुरू केलं. वहिनी पाणी तापवायला आत गेली. लोगो आला. ठिपके फिरले. या वेळी ती ड्रायव्हरच्या तक्रारीची ओळ आली नाही, सुरू झाल्याचा तो नेहमीचा छोटा सूर वाजला, आणि मी सुटकेचा श्वास टाकणार तोच स्क्रीन काळी झाली.

पण पट्टीवरचे लाल दिवे लागले होते. दादाचं लिहायचं सॉफ्टवेअर आपोआप सुरू होतं, तसं ते झालं होतं. फक्त ते दिसत नव्हतं. दादा भिंतीकडे बघत होता आणि त्याचे डोळे हलत होते. नुसते भिरभिरत नव्हते. एका जागी थांबत, दुसऱ्या जागी जात, परत थांबत. तो लिहितो तेव्हा ते तसेच हलतात.

आवाज म्हणाला, "हो, दिसतंय."

मी म्हटलं, "काय दिसतंय रे? स्क्रीन काळी आहे." त्यानं माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

थोड्या वेळानं आवाज म्हणाला, "ती बहीण. दुरुस्ती करते."

मग बराच वेळ काही नाही. दादाचे डोळे स्थिर होते. समोरचा माणूस बोलत असताना आपण जसं ऐकून घेतो, तसं. नंतर पुन्हा हलले.

"नाही. बायको आत आहे."

मी खुर्चीतून उठले नाही. मला आठवतंय, मी माझ्या हातातल्या पेनड्राइव्हकडे बघत राहिले, कारण ती वस्तू तरी माझ्या ओळखीची होती. डोकं आपलं काम करत होतं. अक्षरांच्या जागा दादाला तोंडपाठ आहेत, आपण न बघता टाइप करतो तसं तो अंधारातही लिहू शकेल. प्राणवायू उतरला की माणूस बरळतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. दोन्ही कारणं चोख होती. फक्त ती पट्टी स्क्रीनपुरतीच बघते. स्क्रीनच्या कडेबाहेर नजर गेली की तिला डोळे सापडत नाहीत, दिवे लुकलुकायला लागतात. दादाची नजर हातभर बाहेर भिंतीवर होती आणि दिवे शांत होते.

वहिनी गरम पाण्याचं भांडं घेऊन दारात आली, तेव्हा आवाज म्हणाला, "थांबा थोडं. त्यांना आधी विचारतो."

वहिनीनं भांडं खाली ठेवलं. कोणाशी बोलतायत, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, जुनं काहीतरी वाजतंय, आत साठलेलं. कॉम्प्युटरच्या बाबतीत मी काहीही सांगितलं तरी घरात ते खरं मानतात. तिनंही मानलं.

५

चार वाजत आले होते. आता माझ्याकडे एकच उपाय होता, आणि तो मी दुकानात शेकडो वेळा केलाय. स्क्रीन काळी आहे पण मशीन जिवंत आहे, म्हणजे चित्र भलत्या स्क्रीनवर गेलंय. मग आंधळेपणानं कळा दाबायच्या. चार पर्यायांची एक यादी उघडते: फक्त ही स्क्रीन, दोन्हीवर तेच, दोन्हीवर पसरून, फक्त दुसरी. दिसत नसतं, पण यादी आमच्या बोटांना पाठ असते. वरची कळ मनसोक्त दाबत राहायचं. यादी वर जाऊन अडते, आणि वर पहिला पर्याय असतो, फक्त ही स्क्रीन. मग एंटर. आमच्या धंद्यात सगळेच असं करतात. मोजायची गरज नसते, म्हणून कोणी मोजत नाही.

मी वरची कळ दाबत राहिले आणि एंटर मारलं.

मॉनिटरच्या कडेला एक बारीक दिवा असतो. तो निळा होता तो नारिंगी झाला. नारिंगी म्हणजे या मॉनिटरकडे आता काहीच येत नाही.

मला कळायला क्षणभर लागला. दुकानात येणारी मशीनं जुनी. त्यांची यादी वर जाऊन अडते. या मशीनवर नवं अपडेट होतं. याची यादी अडत नाही, फिरते. वरून पुढे गेलं की ती खालून सुरू होते. मी न मोजता दाबलं होतं आणि यादीच्या तळाला जाऊन थांबले होते. फक्त दुसरी.

खाली बेल वाजली. वहिनी दार उघडायला गेली.

आवाज म्हणाला, "आता छान दिसतंय."

६

डॉक्टर आत आले. शांत माणूस; खोलीत आल्यावर आधी दादाशी बोलतात, मग आमच्याशी. त्यांनी चिमट्यावरचा आकडा बघितला, भुवई उचलली आणि खाली आणली. पलंगाच्या कडेला बसून ते दादाला म्हणाले, की घाई नाही, पण आज ठरवायला हवं, पुढच्या आठवड्यात कदाचित ठरवायला वेळ राहणार नाही. तुम्ही सांगाल तसं करू.

मी सांगायला तोंड उघडलं, की स्क्रीन बंद आहे, मला अजून थोडा वेळ द्या. पण दादानं लिहायला सुरुवात केली होती.

मी मशीनच्या बटणाकडे हात नेला. वहिनीनं मनगट धरलं. "थांबा वन्सं," ती म्हणाली, "ते लिहितायत."

एक वाक्य लिहायला दादाला किती कष्ट पडतात ते आम्हाला माहीत आहे. दोन ओळी लिहिल्या की तो दमतो, डोळे मिटून पडतो, चिमट्यावरचा आकडा खाली जातो. त्या दिवशी तो थांबलाच नाही. आम्ही तिघं बघत होतो, आणि तो भिंतीवर लिहीत होता. मी त्याच्या डोळ्यांवरून अक्षरं ओळखायचा प्रयत्न केला. हे डावीकडे वर, म्हणजे अ असेल. हे खाली मधोमध, म. पुढचं सुटलं. परत पकडायला गेले, तर मधला शब्दच निघून गेला होता. माझ्या भावाच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं वाक्य माझ्या डोळ्यांसमोर लिहिलं जात होतं आणि मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मी स्वतः ते तिकडे पाठवलं होतं. एवढं असहाय मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

मध्येच तो थांबायचा, भिंतीकडे बघून ऐकायचा, आणि पुढे लिहायचा. डोळ्यांच्या कडेला पाणी आलं होतं. वहिनीनं ते पुसलं नाही, नजर तुटेल म्हणून.

मग डोळे हलायचे थांबले. छाती भरभर वरखाली होत होती. चिमटा बारीक आवाजात वाजायला लागला.

आवाज म्हणाला, "वाचलंत?"

डॉक्टरांनी काळ्या स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पुन्हा तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं. नाही रे दादा, काहीच दिसलं नाही, माझी चूक झाली, पुन्हा लिही. पण पुन्हा लिहिण्याइतका श्वास त्याच्यात राहिला नव्हता, ते चिमट्यावर दिसत होतं. वहिनी माझ्या आधी बोलली.

"हो," ती म्हणाली. "वाचलं. चालेल मला."

तिचा आवाज अगदी स्वच्छ होता. बाई इतक्या वर्षांत नवऱ्याशी कधी खोटं बोलली नसेल, आणि बोलली ती नेमकं तेव्हा.

७

डॉक्टरांनी हलक्या आवाजात मला विचारलं, की ते काय म्हणाले हे एकदा बघता येईल का. वहिनीनं त्यांना डोळ्यांनी दटावलं. ती पलंगाच्या पायथ्याशी कपाटाजवळ उभी होती, डॉक्टर उठून दाराजवळ गेले होते, आणि मी मशीनच्या मागे खाली बसले होते. हे मी नंतर पुन्हा पुन्हा मनात मांडून बघितलंय, म्हणून सांगतेय.

ड्रायव्हर जागच्या जागी झटकून उठवायची एक युक्ती असते, चार कळा एकदम दाबायच्या. मशीन एकदा टुंग करतं आणि स्क्रीन पुन्हा जुळते. मी ते केलं. टुंग झालं. मी मान लांब करून कडेनं बघितलं. मॉनिटरचा दिवा निळा झाला आणि स्क्रीनवर चित्र आलं, थरथरत, पाण्यात बघितल्यासारखं. अक्षरं नव्हती. फक्त कोपऱ्यातली ती काळी चौकट होती.

तीत चार ठिपके होते.

दोन दादाचे, मध्यभागी. आणि त्यांना अगदी खेटून, जरा वर, आणखी दोन. मी पट्टीच्या मागे होते, मी तिला दिसणं शक्य नव्हतं. वहिनी दूर होती. दादानं पापणी लववली. त्याचे दोन ठिपके विझले आणि पेटले. वरचे दोन तसेच होते.

चित्र गेलं, आणि लगेच स्वच्छ परत आलं. अक्षरं, लिहायची रिकामी पट्टी, कोपऱ्यात चौकट, तीत दोन ठिपके. मी सेटिंग उघडून बघितली. चौकोन एकच होता. ड्रायव्हरची कुठलीही तक्रार नव्हती. एखादं मशीन आणून ठेवावं आणि गिऱ्हाइकाला म्हणावं, घ्या, झालं, तशी ती दुरुस्ती झाली होती.

दादानं समोरच्या स्क्रीनकडे बघितलं. आता त्याचं लिहिणं आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. एकेक अक्षर उमटत गेलं.

"खरंच चालेल?"

हे तो वहिनीला विचारत होता. मी म्हटलं, "वहिनी, ऐक, आपल्याला ते काय—" तिनं माझ्याकडे वळून बघितलं, आणि त्या नजरेत एवढंच होतं की याला आता पुन्हा छळू नका. त्याच्या गळ्याजवळची शीर उडत होती. चिमटा वाजत होता. तिनं पुढे होऊन त्याच्या पायांवर हात ठेवला.

"हो म्हटलं ना," ती म्हणाली. "तुम्हाला हवं तसं."

दादानं वर बघितलं. हो. समजलं. मग त्यानं शेवटचं लिहिलं, आणि बोलायचं निवडलं. तो अपचन झालेला आवाज सगळ्या खोलीत ऐकू आला.

"मग त्यांना आत घेतो."

डॉक्टरांनी मोकळा श्वास सोडला. ते म्हणाले, म्हणजे श्वासाच्या मशीनला तयार आहेत, आमच्या माणसांना घरी येऊ द्यायला त्यांची हरकत नाही. मी तसं हॉस्पिटलला कळवतो, उद्या सकाळीच सगळी तयारी करून न्यायला येतो. त्यांनी दादाच्या खांद्यावर थोपटलं, मला म्हणाले तुम्ही वेळेवर मशीन चालू केलंत, आणि निघाले. जिन्यावर त्यांची पावलं उतरत गेली. मी त्यांना हाक मारायला हवी होती. काय सांगून मारणार होते?

वहिनी खाली वाकून पांघरूण नीट करत होती. दादाची नजर पुन्हा उजवीकडे गेली होती, भिंतीवर, त्याच जागी. ती तिथे थोडा वेळ थांबली. मग भिंतीवरून सुटली. सावकाश, माणूस चालतो त्या वेगानं, ती भिंतीच्या कडेनं कपाटापर्यंत आली, कपाटावरून पलंगाच्या पायथ्याशी, आणि वहिनीच्या मागे येऊन थांबली. तिच्या खांद्याच्या जरा वर.

वहिनी सरळ झाली आणि तिला ते दिसलं. तिचा चेहरा एकदम उजळला. मी तिला इतक्या दिवसांत असं बघितलं नव्हतं.

"बघा ना वन्सं," ती म्हणाली, "किती दिवसांनी माझ्याकडे बघतायत."

मी हो म्हटलं.